व्हीआर हेडसेट आणि आपली वाद्यं : वाजवणाऱ्यांना नक्की काय हवंय?

कायदा_रेला | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, नमस्कार. मी ठाण्यात असतो, तबला वाजवतो.

माझा भाचा पुण्यात एका लहान कंपनीत आहे. व्हीआर आणि मिक्स्ड रिॲलिटीचं सॉफ्टवेअर करतात. पहिल्या प्रकारात हेडसेट चढवला की समोरची खोली नाहीशी होते. दुसऱ्यात खोली तशीच दिसत राहते आणि तिच्यात नसलेल्या वस्तू येऊन बसतात. आज जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मामा, आम्हाला संगीतासाठी काहीतरी करायचंय. तुम्हा लोकांना यातून काय हवं असतं?"

त्याने क्वेस्ट ३ हा हेडसेट आणला होता. डोक्यावर चढवला, समोर तबला-डग्गा आला. दिसायला सुरेख! शाईची (मधल्या काळ्या वर्तुळाची) चमकसुद्धा होती. 'ना' वाजवायला तर्जनी टाकली, ती खाली गेली ती गेलीच. खाली चामडं नाही, तर बोट परत कशावर येणार? तबल्यातलं अर्धं वाजवणं बोट उचललं जाण्यात आहे. डग्ग्याचं तर विचारूच नका. मनगटाचा दाब नाही, म्हणजे घिस्सा नाही, मींड (सूर सरकवत नेणं) नाही. आवाज आला तो आधीच भरून ठेवलेला 'घे'. माझा नव्हता.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "हे मला नको." तो म्हणाला, "मग काय हवंय?" यावर मात्र मी गप्प झालो. आणि हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. बहुतेक वेळा वस्तू तयार झाल्यावर आपल्याला दाखवायला आणतात. इथे आधी विचारतायत. तेव्हा वाजवणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहा. मी धागा त्याला जसाच्या तसा देणार आहे.

गारवा | रविवार, रात्री ११:४१

मला शेजारी हवेत, ज्यांना माझा रियाज ऐकू येत नाही. हेडसेट त्यांना घालता येईल का? :-)

ध्वनीवेडा | सोमवार, मध्यरात्री १२:१५

@कायदा_रेला, तुम्ही म्हणताय ते नवीन नाही. १९२० मध्ये रशियात लिऑन थेरेमिनने स्पर्श न करता वाजणारं वाद्य केलं. एक हात सुरासाठी, दुसरा आवाज लहान-मोठा करायला, दोन्ही हवेत. शंभर वर्षं होऊन गेली, तरी ते नीट वाजवणारे फार थोडे. क्लारा रॉकमोरसारखी एखादी बाई त्यातून शुद्ध सूर काढायची, पण ती आधी व्हायोलिन शिकलेली होती, कान तयार होता. हवेत बोटाला खूण मिळत नाही हेच त्याचं कारण.

जेरन लनियर, ज्याने 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला, तो स्वतः वादक. त्याने १९९२ मध्ये शिकागोला एका परिषदेत हातमोजा आणि हेडसेट घालून कल्पनेतली वाद्यं वाजवून दाखवली. म्हणजे हे तंत्रज्ञान जन्मल्यापासून वादकांच्या हातात आहे. घोडं अडलंय ते स्पर्शापाशी.

तुमच्या रेल्याचा (वेगाने सलग वाजणाऱ्या बोलांचा) हिशेब बघा. सेकंदाला बारा अक्षरं धरू. हाताचा मागोवा घेणारा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो असं धरलं, तर एका अक्षराच्या वाट्याला पाच चित्रं येतात. बोट कधी टेकलं, किती जोरात, शाईवर की लवेवर, हे सगळं त्या पाच चित्रांत ओळखायचं. शिवाय एक बोट दुसऱ्याच्या आड गेलं की कॅमेऱ्याला दिसतच नाही.

पेटीकर_मिरज | सोमवार, सकाळी ६:५०

हवेतला तबला हवा कशाला? तुमच्याकडे खरा तबला आहे, माझ्याकडे खरी पेटी आहे. ती आहे तशी राहू द्या. जे नाही ते आणून द्या.

माझ्याकडे काय नाही ते सांगतो. माझ्याकडे तबलजी नाही. मिरजेत चांगली मंडळी आहेत, पण माझं वय आता ६७, रात्री बाहेर पडणं जमत नाही. कोणी संध्याकाळी समोर येऊन बसला आणि मी तासभर लेहरा (तालाच्या दर फेरीला तीच परत येणारी धून) धरला तर दिवस सार्थकी लागेल. मोबाइलवरचा तबला लावतो, पण तो माझं ऐकत नाही. मी जरा रेंगाळलो तर तो थांबत नाही. माझ्याकडे बघत नाही.

तुमच्या भाच्याला म्हणावं, समोर बसून बघणारा माणूस दे.

मध्यमा | सोमवार, सकाळी ९:३०

पेटीकरकाका, अगदी मनातलं बोललात. मी नाशिकला गाणं शिकवते. टाळेबंदीत दीड वर्ष मोबाइलवर शिकवलं. मुलींना मी दिसत होते, पण मी बघतेय कुठे ते त्यांना दिसत नव्हतं. वर्गात एखादीचा सूर खाली येतोय असं वाटलं की मी नुसती तिच्याकडे बघते आणि ती सावरते. मोबाइलवर मला नाव घेऊन थांबवावं लागायचं. थांबवलं की गाणं मोडतं.

उशिराचा_विद्यार्थी | सोमवार, दुपारी १:०५

थोडा वेगळा अनुभव सांगतो. वय ५८, संगीताचा गंध नव्हता. मुलाने क्वेस्ट दिला, त्यात कीबोर्ड शिकवणारं एक ॲप आहे. खरा कीबोर्ड समोर ठेवायचा, हेडसेटमधून तो दिसतोच, आणि वरून रंगीत पट्ट्या सरकत येऊन कीबोर्डच्या बरोबर त्या त्या पट्टीवर पडतात. ती दाबायची. तीन महिन्यांत मी चार गाणी वाजवतोय. ज्याला या वयात कोणी शिकवायला तयार नव्हतं त्याला यंत्राने हात धरून बसवलं. त्यामुळे 'हे आम्हाला नको' असं सगळ्यांच्या वतीने म्हणू नका, ही विनंती.

मध्यमा | सोमवार, दुपारी १:४०

तुमचं मनापासून कौतुक. एकच विचारते. पट्ट्या बंद केल्या तर वाजतं का?

ढोल_नंबर_७ | सोमवार, दुपारी २:२२

पेटीकरकाकांच्या 'माझ्याकडे बघत नाही' वर आमच्या ढोल-ताशा पथकातलं एक सांगायचंय.

मिरवणुकीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आमच्या रांगा पुढून मागे तीस-पस्तीस मीटर पसरतात. ताशे पुढे. शेवटच्या रांगेत ताशाचा आवाज उशिरा पोचतो, हे पहिल्या वर्षी कोणी सांगत नाही, आपणच शिकतो. कानावर भरवसा ठेवून टिपरू टाकलं की पुढच्यांच्या मागे पडतो. म्हणून मागच्या रांगेतले सगळे पुढे उभ्या असलेल्या दादाच्या हाताकडे बघून वाजवतात. हात खाली आला की टिपरू खाली. दुसऱ्या हातावरून (ठेक्याला आम्ही 'हात' म्हणतो) तिसऱ्यावर जायचं तेही डोळ्यांनीच कळतं.

कान उशिरा, डोळा वेळेवर.

ध्वनीवेडा | सोमवार, दुपारी ३:१०

@ढोल_नंबर_७, तुम्ही या धाग्याचं मर्म सांगितलंत.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. पस्तीस मीटरला सुमारे १०० मिलिसेकंद, सेकंदाचा दहावा भाग. मैफलीत गवई आणि तबलजी यांच्यात दीड मीटर असतं, म्हणजे चार-पाच मिलिसेकंद. नेटवरून एकत्र वाजवण्यावर जे काम झालंय त्यात एका दिशेचा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत असला तर वादक एकमेकांना धरून वाजवू शकतात असं मानतात. त्यापुढे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत राहतो आणि लय उतरत जाते. २५ मिलिसेकंद म्हणजे साडेआठ मीटर अंतर. एवढ्या अंतरावर बसून तुम्ही वाजवलं असेलच कधीतरी.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सीसीआरएमए नावाची संस्था आहे, तिथले लोक तिला 'कर्मा' म्हणतात. तिथल्या ख्रिस चेफ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटवरून एकत्र वाजवायचं जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर केलं. इटलीत त्रिएस्तेच्या संगीत विद्यालयाने लोला केलं, त्यात चित्रही तेवढ्याच तातडीने पाठवतात. मिरज ते ठाणे काचेच्या तारेतून प्रकाशाला दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत. बाकीचा उशीर घरातल्या वायफायचा, साउंड कार्डाचा आणि ब्लूटूथचा. ब्लूटूथचे हेडफोन एकटेच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात. म्हणून कोणीही प्रयोग करणार असेल तर वायरचं नेट, वायरचे हेडफोन. यात तडजोड नको.

सानिका_फ्रीमाँट | मंगळवार, सकाळी ८:१५

मी कॅलिफोर्नियातून लिहितेय. माझ्या गाण्याच्या बाई पुण्यात. दर शनिवारी रात्री माझी शिकवणी, त्यांची तेव्हा रविवारची सकाळ. ध्वनीवेडा, तुमचा हिशेब मी माझ्यासाठी केला. साधारण १३,५०० किलोमीटर. तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निव्वळ पोचायलाच ६७-६८ मिलिसेकंद. यात कोणाचाही इलाज चालणार नाही, कितीही पैसे ओतले तरी. बाईंचा तानपुरा आणि माझा आवाज एका वेळी कधीच मिळणार नाही, हे मी स्वीकारलंय.

पण तालीम म्हणजे त्यांनी म्हणायचं आणि मग मी म्हणायचं. तिथे उशीर आड येत नाही. आड येतं ते दुसरंच. बाई गाताना डाव्या हाताने सूर दाखवतात. हात जरासा वळला की मला कळतं की गंधार आणखी वर नाही, आतल्या बाजूला घ्यायचाय. लॅपटॉपच्या चौकटीत तो हात येतच नाही, आणि आला तर चपटा दिसतो. त्या माझ्या समोर माझ्याच सतरंजीवर बसलेल्या दिसल्या, खऱ्या मापाच्या, त्यांचा हात माझ्या दिशेने आला तर तो खरंच माझ्या दिशेने आला असं दिसलं, तर या तंत्रज्ञानाचे सगळे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

अडचण अशी की त्यासाठी बाईंनी अर्ध्या किलोचं यंत्र तोंडावर बांधायला हवं. त्या ७४ वर्षांच्या आहेत. मी त्यांना ते सांगणार नाही. आणि समजा बांधलं, तर मला जो चेहरा बघायचाय तोच झाकला जाईल.

गारवा | मंगळवार, सकाळी ९:००

हे फार खरं आहे. दाद द्यायला भुवया लागतात. हेडसेट नेमक्या त्याच झाकतो.

पणजी_व्हायोलिन | मंगळवार, दुपारी १२:३०

मी गोव्यात व्हायोलिन वाजवते आणि मुलांना पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांसाठी तयार करते. माझी मागणी वेगळी आहे. दोन आहेत, खरं तर.

एक, भीती. घरी स्वच्छ वाजवणारी मुलगी परीक्षकासमोर गेली की तिचा गज थरथरतो. सरावाने बोटं तयार होतात, पण माणसांसमोर उभं राहण्याचा सराव कुठे करायचा? लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकने यासाठी एक खोली केली. आधी विंगेत थांबायचं, मग नाव पुकारलं की प्रकाशात यायचं, समोर पडद्यावर खरे चित्रित केलेले श्रोते. किंवा तीन परीक्षक, निर्विकार चेहऱ्याने बसलेले. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. त्या खोट्या परीक्षकांसमोर ते खऱ्या परीक्षकांसमोर वाढतात तसेच वाढले. आणि त्यात हेडसेट नव्हता, नुसता पडदा आणि दिवे. माझ्या म्हापशाच्या विद्यार्थिनीला लंडनची खोली मिळणार नाही, पण हेडसेटमध्ये ती खोली आली तर मिळेल. हे मला आजच हवंय.

दुसरं, जागा. स्टॅनफर्डच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांनी इस्तंबूलच्या हागिया सोफिया या घुमटाच्या जुन्या वास्तूत २०१० मध्ये फुगे फोडून तिथला नाद टिपून घेतला. तिथे गायची परवानगी नव्हती. मग त्या चार फुग्यांच्या आवाजावरून अकरा सेकंद रेंगाळणारा तो घुमट त्यांनी संगणकात उभा केला आणि कॅपेला रोमाना हा गायकवृंद दूर अमेरिकेत, त्या घुमटात गातोय असं स्वतःच्या कानाने ऐकत गायला. २०१९ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. महत्त्वाचं म्हणजे तो घुमट मागाहून चिकटवलेला नाही. गाताना त्यांना तो ऐकू येत होता, म्हणून त्याला धरून त्यांची लय बदलली, स्वर धरून ठेवणं बदललं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले होते.

ध्वनीवेडा | मंगळवार, दुपारी १:१५

@पणजी_व्हायोलिन, यासाठी मनापासून आभार. मुंबईच्या एनसीपीएचं (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं, आराखडा फिलिप जॉन्सनचा, ध्वनिरचना सिरिल हॅरिसची. माइकशिवाय सतार मागच्या रांगेत पोचावी अशा हेतूने बांधलेलं. दहा बाय दहाच्या खोलीत रियाज करणाऱ्या मुलाला पहिला कार्यक्रम तिथे मिळाला, तर तो पहिली दहा मिनिटं आपला आवाज शोधण्यातच घालवतो. त्याला आदल्या महिनाभर त्या सभागृहाचा नाद कानात घेऊन रियाज करता आला तर? चित्राची गरजही नाही. डोळे मिटून गाऊ दे. फक्त त्याने मान वळवली की नाद तसा वळला पाहिजे, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याच्याकडे उशिरा येता कामा नये.

ढोल_नंबर_७ | मंगळवार, दुपारी २:००

थोडं अवांतर, विजापूरच्या गोलघुमटात वर सज्जात कोणी टाळी वाजवली की ती फिरून फिरून परत येते. तिथे पर्यटकांच्या गोंगाटात कोणाला काही ऐकू येत नाही. तोही कोणीतरी पहाटे जाऊन असा टिपून ठेवा. एखादा भैरव तिथे ऐकायचाय.

जवारी | मंगळवार, रात्री ८:४५

मी मिरजेत तंतुवाद्यं करतो. आमच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे लोक येतात, विचारतात. पण धंद्यात येणारी मुलं कमी.

मला काय हवंय ते सांगतो. जवारी काढताना, म्हणजे तारेला झणक यावी म्हणून, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवतो ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. केसाएवढा उतार असतो. हात दोन्ही गुंतलेले, भिंग धरायला तिसरा हात नाही. चष्म्यातून ती घोडी मोठी दिसली आणि तार नेमकी कुठे टेकतेय ते दिसलं तर शिकणाऱ्याला पाच वर्षांचं काम दोन वर्षांत कळेल. माझ्या वडिलांचा हात कसा चालायचा ते आता माझ्या आठवणीतच आहे. माझा तरी कोणी टिपून ठेवावा, कानशीच्या कोनासकट. कान मात्र ज्याचा त्यानेच तयार करायचा.

पेटीकर_मिरज | मंगळवार, रात्री ९:३०

@जवारी, उद्या संध्याकाळी दुकानात येतो. तुम्ही कुठल्या गल्लीत ते मी ओळखलंय.

वर उशिराचा_विद्यार्थी यांनी रंगीत पट्ट्यांचं लिहिलं, त्यावर. पेटीला एकदा शिक्षा झालेली आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली, ती १९७१ पर्यंत. कारण काय, तर तिला बारा ठरलेली घरं, मींड नाही, श्रुती (बारांच्या मधल्या बारीक जागा) नाहीत. तीस वर्षं आमच्या वाद्याने हे ऐकून घेतलं. आता ही यंत्रं येतायत ती तीच बारा घरं गाणाऱ्यालाही घालतायत. माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये गळ्याचा सूर बरोबर की चूक हे दाखवणारं काहीतरी आहे. तिने तोडीतला गंधार लावला, चांगला लावला, आणि यंत्राने तांबडा दिवा दाखवला. पोर हिरमुसली. भाच्याला हे जरूर सांगा. सूर कुठे आहे ते दाखवा, पण चूक म्हणायचा अधिकार गुरूकडे राहू द्या.

उशिराचा_विद्यार्थी | बुधवार, सकाळी ७:२०

@मध्यमा, पट्ट्या बंद करून बघितलं. दोन दिवस रोज बसलो. पहिली ओळ वाजते. दुसरीत बोटं थांबतात, आणि पुढचा सूर मनात ऐकूच येत नाही हे लक्षात आलं. मी गाणं शिकलो नव्हतो, पट्ट्या पकडायला शिकलो होतो. तुमचा प्रश्न योग्य होता.

तरी यंत्र टाकून देणार नाही. मला आता असं हवंय की पहिल्या दिवशी सगळ्या पट्ट्या दिसाव्यात, दुसऱ्या दिवशी एकाआड एक, आणि आठवड्याने फक्त मुखड्याची. जिथे अडलो तिथेच परत यावी. आई मुलाला सायकल शिकवताना मागचा हात हळूहळू सोडते तसं.

मध्यमा | बुधवार, सकाळी ७:५०

हे मी माझ्या वर्गातसुद्धा असंच करते. तुम्ही सकाळी नेटाने दोन ओळी कानाने बसवा, अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा. वेळ काढीन.

ध्वनीवेडा | बुधवार, सकाळी ११:००

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. १९८३ मध्ये मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत) आलं ते रोलंडच्या इकुतारो काकेहाशींनी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथने प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकत्र आणून. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड कुठल्याही कंपनीच्या सिंथेसायझरला जोडता येऊ लागला आणि त्यासाठी कोणाला परवाना फी द्यावी लागली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजच्या संगणकाला लागतो. हेडसेटमध्ये आज तसं नाही. एका कंपनीच्या हेडसेटमध्ये बसवलेला ताल दुसरीकडे नेता येत नाही, आणि कंपनीने ॲप बंद केलं की तुमची मेहनतही गेली. वादक तीस-तीस वर्षं एक वाद्य वाजवतो. त्याला पाच वर्षांत मरणारं वाद्य देऊ नका.

सानिका_फ्रीमाँट | गुरुवार, सकाळी ९:४०

मला एक सुचलंय, तबला-पेटीवाल्यांनी सांगा बरोबर आहे का. निंजॅम नावाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, २००५ च्या सुमाराचं. ते उशीर कमी करायचा प्रयत्नच करत नाही, उलट मुद्दाम वाढवतं, पूर्ण आवर्तनाएवढा, म्हणजे तालाच्या एका फेरीएवढा. म्हणजे तुम्ही वाजवलेलं मला नेमकं एक आवर्तन मागे ऐकू येतं, पण समेवर सम (पहिल्या मात्रेवर पहिली मात्रा). पाश्चात्त्य बँडला हे अवघड, त्यांचे कॉर्ड बदलत जातात. आपल्याकडे लेहरा तर दर आवर्तनाला तोच असतो! म्हणजे मिरजेहून पेटीकरकाकांनी तीनतालात लेहरा धरला आणि माझ्या इथला तबलजी वाजवू लागला तर त्याला मागच्या आवर्तनाचा लेहरा ऐकू येईल, आणि काही फरकच पडणार नाही?

कायदा_रेला | गुरुवार, दुपारी १:३०

सानिका, हे वाचून मी ऑफिसात टेबलावर तीनताल धरून बघितला. बरोबर आहे. तबलजीला लेहरा मागचा की आताचा, कळणार नाही. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) त्याच्या समेवर येईल. पेटीवाल्याला ती पुढच्या समेवर ऐकू येईल, तीही बरोबर जागी.

दोन गोष्टी जातील. लय वाढवता येणार नाही, कारण आवर्तनाची लांबी आधी ठरवून ठेवावी लागेल. पेशकारातून रेल्यापर्यंत एकाच लयीत जायचं म्हणजे चढणच नाही. आणि दुसरं, समेवर आल्यावर पेटीकरकाका 'वाह' म्हणतील ते मला एका आवर्तनानंतर ऐकू येईल, तेव्हा मी पुढच्या कायद्यात (बोलांच्या पुढच्या रचनेत) असेन.

पेटीकर_मिरज | गुरुवार, दुपारी ४:१५

'वाह' उशिरा आलेलं चालेल. आलं पाहिजे. सात समुद्रांपलीकडच्या पोराला मी साथ करू शकतो हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण ठाणं जवळ आहे. ध्वनीवेडा म्हणतात तसं वायरने जोडलं तर आपण थेट वाजवू, एका आवर्तनाचा उशीर कशाला? कायदा_रेला, शनिवारी रात्री बसता का? माझी नात वायर जोडून देईल म्हणते.

कायदा_रेला | गुरुवार, दुपारी ४:२०

बसतो! भाचाही येतोय.

गारवा | शुक्रवार, सकाळी १०:००

रविवारी वृत्तांत टाका. वाट बघतोय.

कायदा_रेला | रविवार, दुपारी १२:१०

काल रात्री साडेनऊला सुरू केलं, सव्वाबाराला उठलो.

जॅकट्रिप, दोन्हीकडे वायर. उशीर एका दिशेला वीस मिलिसेकंदांच्या आसपास येतोय असं भाचा म्हणाला. वाजवताना मला तो जाणवला नाही. पेटीकरकाकांनी चंद्रकंसातला लेहरा धरला. पहिली पंधरा मिनिटं नुसता आवाज होता, चित्र बंद. वाजत होतं, बरोबर होतं, तरी मी समेला सावध येत होतो. मग भाच्याने चित्र लावलं आणि हेडसेट दिला. काका माझ्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी बसलेले, खऱ्या मापाचे. मला माझा तबला खाली दिसत होता. हेडसेटमधून जवळची बोटं जरा वाकडी दिसतात, पण मी तिकडे बघत नव्हतो.

आणि तरी काहीतरी चुकत होतं. तासाभराने कळलं. नातीने कॅमेरा काकांच्या चेहऱ्यासमोर ठेवला होता. मला चेहरा दिसत होता, डावा हात नाही. समेच्या आधी ते भाता किंचित रोखतात आणि समेवर झटका देतात. मी इतकी वर्षं पेटीवाल्यांचा तो हात बघून समेला येतोय, हे मला काल ५१ व्या वर्षी समजलं. कॅमेरा बाजूला घेतला, भाता दिसू लागला, आणि पुढच्या तिहाईला काका आणि मी असे एकत्र पडलो की भाचा खुर्चीवरून उठला.

हेडसेट चाळीस मिनिटांनी काढावा लागला. मान दुखली, कपाळ घामेजलं. नंतर टीव्हीवर काकांना बघत वाजवलं, तेही चांगलं झालं, फक्त ते दूर गेल्यासारखे वाटले.

भाचा तुमच्या सगळ्यांच्या प्रतिक्रिया छापून घेऊन गेलाय. आत्ता त्याचा निरोप आला, तो इथे चिकटवतो : "मामा, भात्याचा हात कुठल्या बाजूने दिसायला हवा? पुढच्या शनिवारी दुसरा कॅमेरा लावतो."

पेटीकर_मिरज | रविवार, दुपारी १२:४०

गवयाच्या उजव्या हाताला तबलजी बसतो ना, तिथून. आणि पुढच्या वेळी झपतालात बसू. जवारीवाले तानपुरा घेऊन येतो म्हणालेत.